काडेंगेने दिलेल्या चपला

काडेंगेने माझ्या मुलीला चपला का दिल्या, हा प्रश्न संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. साध्या रबरी चपला, निळ्या, जाड तळाच्या. नऊ वर्षं ओळखते मी त्याला. वायरिंगचं काम मन लावून करतो, चहात तीन चमचे साखर मागतो, पण कुणाला काही देणाऱ्यातला तो नव्हे. देताना म्हणाला म्हणे, "टाकीत हात घालशील तेव्हा पायात पाहिजेतच. विसरायचं नाही."

माझी मुलगी उमाझी हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

काडेंगे मूळचा काजूच्या कारखान्यातला. वीजकाम तो तिथल्या मोटारींवर शिकला. कारखाना बंद पडला तेव्हा पक्कड आणि टेस्टर खिशात घालून बाहेर पडला, आणि तेव्हापासून किलिफीच्या आमच्या बाजूला सगळे त्याला फुंडी म्हणतात, म्हणजे कारागीर. तारेत करंट आहे का हे तो हाताची मागची बाजू टेकवून बघतो. "तळहात लावला की वीज मूठ सोडू देत नाही, उमाझीच्या आई. मागून लावला की आपोआप झटकला जातो." हे तो इतक्या सहज सांगतो, जणू ओळखीच्या कुत्र्याबद्दल बोलतोय.

त्याच्या शर्टाच्या खिशात बांबूच्या तासलेल्या काड्या असतात. आमच्याकडची सॉकेटं तीन भोकांची, आणि बाहेरून येणारे स्वस्त पंप दोन पिनांचे. वरच्या भोकात काडी खुपसली की खालच्या दोन्ही भोकांचे पडदे सरकतात आणि पिना बसतात. ते वरचं भोक अर्थिंगचं. अशा काड्या गावात घरोघरी आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी माझ्या रेडिओलाही होती. त्यानेच खोचून दिलेली.

त्याची भीती वाटावी असा माणूस तो नाही, हेही लिहायला हवं. मागे वादळात खांबावरची तार तुटून शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर आली, तेव्हा आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. यानेच लाकडी स्टूल घेऊन तार बाजूला लोटली.

उमाझी समुद्राकाठच्या मासेघरात कामाला आहे. पाणबुडे खडकांतले रंगीत मासे धरून आणतात. विमानाने परदेशी जाईपर्यंत ते तिथे काचेच्या टाक्यांत राहतात. उष्णतेने टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि खारटपणा वाढला की मासे दगावतात. म्हणून गोडं पाणी सारखं घालावं लागतं. काडेंगेने ते आपोआप होईल अशी सोय केली. टाकीत एक तरंगता गोळा. पाणी उतरलं की तो खाली जातो आणि गोड्या पाण्याच्या पिंपातला पंप सुरू होतो, पाणी चढलं की बंद. मालक खूश, सगळे खूश. पण उमाझीच्या फोनमधला फोटो आज मी नीट पाहिला. गोळ्याच्या तारेतून त्याने पंपाची सगळी वीज नेली आहे. जोडावर चिकटपट्टी, पट्टीवर मिठाचा पांढरा थर. ते काम जिवाला धोका नसलेल्या बारा व्होल्टवरही झालं असतं.

दोन महिन्यांपूर्वी तिथला ईएलसीबी, वीज गळाली की सगळं तोडणारा स्विच, तीनदा पडला. हवेचे पंप थांबले, आणि तिन्ही वेळा सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. मालक उमाझीला म्हणाला, "पुन्हा झालं तर येऊ नकोस." मी काडेंगेकडे गेले, अक्षरशः हात जोडले. तो अर्ध्या तासात काम करून आला. "झालं, उमाझीच्या आई. आता नाही पडायचा तो." आणि खरंच पडला नाही. मी त्याला महाम्री, आमच्याकडच्या गोड फुगीर पुऱ्या, तळून पाठवल्या.

आज जेवताना उमाझी म्हणाली, "चार नंबरच्या टाकीत बोटाला मुंग्या चावतात."

"मुंग्या?"

"कापलंय ना, मीठ लागतं. फुंडीकाका म्हणाले."

"मीठ झोंबतं. चावत नाही."

"आई, शाळा सुटली तुझी."

"त्यांनी नवा स्विच बसवला का गं?"

"नाही, तोच आहे."

"मग पडायचा थांबला कसा?"

तिने उगालीचा, मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा, गोळा कालवणात बुडवला.

"त्याच्यावर तपासायचं बटण असतं. दाबलंस कधी?"

"परवा दाबलं. काहीच झालं नाही. अडकलंय बहुतेक. आता खाऊ देशील?"

बटण दाबलं की स्विच पडायलाच हवा. नाही पडला, म्हणजे त्याच्यात वीजच येत नाही. दोन्हीकडच्या तारा सोडवून परस्पर जोडल्या असणार, आणि भिंतीवर नुसता डबा राहिला असणार. स्विच खराब नव्हता. वीज खरोखर गळत होती, म्हणून तो पडत होता.

आणि काडेंगेला हे ठाऊक आहे. नाहीतर चपला कशाला? आधी माझ्या मुलीची नोकरी वाचवली, मग बहुतेक त्याचीच झोप उडाली, म्हणून पायाखाली रबर घातलं. ओल्या फरशीवर, टाकीच्या लोखंडी स्टँडला दुसरा हात टेकलेला असताना, त्या रबराचा काय उपयोग?

उमाझीला घरात कोंडून घालेन, पण तिच्याबरोबरची मुलगी सकाळी सहाला मासेघराचं कुलूप उघडते आणि आधी चार नंबरच धुते. तिला तर चपलाही नाहीत.

काडेंगेलाच विचारावं, असं आधी ठरवलं होतं. म्हणावं, फुंडी, तुम्ही अनवाणी उभे राहा आणि चार नंबरमध्ये हात घालून दाखवा. पण तो दाखवेल. मला माहीत आहे, चारचौघांत तो हात घालेलच, तळहातानिशी.

म्हणून त्याला नाही, मालकाला सांगायचं. आधी मेन स्विच पाडा, मगच कुणाला आत सोडा, आणि तो डबा उघडून बघा. मासे मरतील. उमाझीची नोकरी जाईल, काडेंगेला किनाऱ्यावर कुणी काम देणार नाही, आणि तो स्विच पडू नये म्हणून काडेंगेकडे हात जोडून गेले होते ती मीच, हेही सांगावं लागेल.

मालकाचा नंबर उमाझीच्या फोनमध्ये आहे, फोन तिच्या उशाशी. ती जागी झाली तर भांडेल. भांडू दे. आत्ताच लावते.