खोळवाल्या काकूंचा तंबू

खोळवाल्या काकूंनी जन्मभर काय शिवलं, तर गाद्यांच्या खोळी. नवऱ्याने गाद्या भरायच्या आणि काकूंनी त्यांना कपडे चढवायचे. दुकान एकच. पुढे गाद्यांच्या थप्प्या, मागे खिडकीपाशी काकूंचं मशीन. रस्त्याने जाणाऱ्याला आधी कापसाचा वास यायचा आणि पाठोपाठ गादीवाल्यांचा आवाज. "या, झोपून बघा! आणि माझी पाठ बघा. पन्नाशी उलटली, तरी आहे की नाही ताठ? स्वतःच्याच गादीवर झोपतो." गिऱ्हाईक पाठ बघायचं आणि गादी घेऊन जायचं. काकू मशीनमागे हसायच्या. ज्या बढाईवर घर चालतं तिला बायकोने तरी नावं ठेवू नयेत, असं त्यांचं मत होतं.

त्या उन्हाळ्यात काकूंच्या डोक्यात डोंगराने घर केलं. लेकीला दूरच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. उन्हाळा सरला की ती जाणार, आणि एकदा बाहेर पडलेली मुलं सुट्टीत येतात ती पाहुण्यासारखी, हे काकूंनी शेजारीपाजारी पाहिलं होतं. तिघं मिळून कुठे गेलो, असं कधी घडलंच नव्हतं. वर डोंगरात तळ्याकाठी तंबू ठोकून राहता येतं, असं लेक एकदा जेवताना बोलून गेली. बोलताना तिचा चेहरा जो उजळला, तो बघून काकूंनी ताटावरच ठरवून टाकलं.

"तुम्ही दोघी जाऊन या," गादीवाले म्हणाले.

"दोघी नाही, तिघं."

"साप असतात तिकडे."

"तुमचा आवाज ऐकून पळतील बिचारे."

"अगं, लोकांना जमिनीवरून उचलून गादीवर निजवण्यात माझा जन्म गेला. आता मीच जमिनीवर झोपू? लोक काय म्हणतील?"

"तिथे लोक नसतात, म्हणून तर जायचं."

मग रोज एक नवं कारण निघू लागलं. एक दिवस वारा, दुसऱ्या दिवशी पाणी, मग कुठल्याशा अस्वलाची बातमी. नाचता येईना अंगण वाकडं, हे काकूंना कळत होतं. पण नाचता का येईना, ते कळत नव्हतं. ह्या माणसाला आपल्यापेक्षा आणि पोरीपेक्षा दुकानच प्यारं आहे की काय, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. तो त्यांना फार लागला. शेवटी गादीवाल्यांनी हुकमाचं पान टाकलं. "आणि तंबू कुठाय आपल्याकडे?"

"मी शिवते," काकू म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या गाद्यांसाठी आणलेलं निळं वॉटरप्रूफ कापड उरलं होतं. पाणी आत येणार नाही, फाटणार नाही. ऑर्डरी उरकल्या की काकू तंबू शिवायला बसायच्या. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप चालले. कोपरे घट्ट, शिवण दुहेरी, लांबीच्या बाजूने सरळ चेन. जुन्या पडद्यांच्या दांड्या खांब म्हणून कामाला आल्या. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मायलेकींनी थप्प्या बाजूला सारल्या आणि मधल्या फरशीवर तंबू उभा केला. दिसायला थोडा गादीसारखाच दिसत होता, पण देखणा होता. लेक खुंट्या आणायला बाजारात गेली.

काकूंनी नवऱ्याला गाठलं. "फक्त आत येऊन आडवे व्हा. नाहीच आवडलं, तर मी पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही."

एवढ्या स्वस्तात सुटका होतेय म्हटल्यावर गादीवाले तयार झाले. दांडीला धरून, वाकून, कण्हत ते आत शिरले आणि आडवे झाले. मागून काकू. सगळं कसं खऱ्यासारखं व्हायला हवं, म्हणून त्यांनी फटीतून हात बाहेर काढून चेन ओढत आणली, शेवटी हात आत घेतला आणि चेनच्या रनरला आतून बोटाने ढकललं. खट्कन बसला.

आत निळा उजेड होता.

"छान आहे," गादीवाले म्हणाले. "पण नाही जमायचं. चल, उघड."

काकूंनी रनर चाचपला. मग पुन्हा चाचपला. "उघडत नाही."

"म्हणजे?"

"ओढायची पट्टी बाहेरच्या बाजूला आहे. ती धरल्याशिवाय हा मागे सरकत नाही."

"आतून का नाही लावलीस?"

"गादीला कधी आतून बाहेर यायचं असतं का हो?"

यावर गादीवाले असे हसले की तंबू हलला. काकूही हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बरं, उठा आता. तुम्ही तो कोपरा वर धरा, मी केसातली पिन रनरमध्ये घालून बघते."

गादीवाले हलले नाहीत.

"उठा ना."

"नाही उठता येत."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही गं." आवाज एवढा हळू होता की काकूंना तो ओळखीचाच वाटला नाही. "जमिनीवरून नाहीच उठता येत. हिवाळ्यापासून पाठ धरलीय. पलंगावरून कसाबसा कुशीवर होऊन उतरतो. तेवढ्यासाठीच तर सकाळी तुला आधी चहा ठेवायला पाठवतो."

काकूंनी पिन पुन्हा केसात खोचली.

"गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू? आणि ते मरू दे. पोरीने घर सोडताना काय बघून जायचं? बाप चार पायांवर रांगतोय?"

काकूंना आधी हायसं वाटलं, अगदी पोटातून. मग स्वतःचाच राग आला. गावाच्या गाद्यांची मापं तोंडपाठ, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाची पाठ कळली नाही.

"मला वाटलं, तुम्हाला आमच्याबरोबर यायचंच नाही," त्या म्हणाल्या.

"यायचंय गं. तुझ्याहून जास्त यायचंय."

काकूंनी त्यांचा हात धरला. बाहेर दार वाजलं. लेकीने तंबूतली चुळबुळ पाहिली, चेन ओढली आणि आत डोकावली. "हे काय, तुम्ही दोघं आत काय करताय?"

काकू बाहेर आल्या. गादीवाले तसेच पडून होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता: हिला कुठेतरी पाठव. पाठवणं सोपं होतं. एखादी वस्तू विसरली म्हटलं असतं, तरी लेक पुन्हा बाजारात पळाली असती. पण काकू गप्प उभ्या राहिल्या. आता बोलायचं ते ह्यांनीच बोलावं, असं त्यांना वाटलं.

"बाबा, येताय ना बाहेर?"

गादीवाल्यांनी छताकडे बघत एक मोठा श्वास घेतला.

"येतो. पण मला हात दे. दोन्ही दे. पाठ गेलीय माझी."

लेकीने खुंट्या खाली टाकल्या आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे केले. गादीवाले आधी कुशीवर झाले, मग हातापायांवर आले, तसेच रांगत बाहेर आले आणि मग लेकीच्या खांद्याला धरून उभे राहिले. चेहरा लालबुंद झाला होता. लेक हसली नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. "हळू. घाई नाहीये," एवढंच दोनतीनदा म्हणाली आणि ते सरळ उभे होईपर्यंत तिने हात सोडले नाहीत.

गादीवाल्यांनी गुडघे झटकले. तंबूकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"तिकडे सूर्य उगवताना बघायचा असतो म्हणे," ते लेकीला म्हणाले.

"हो बाबा. तळ्यावर तर फारच सुंदर दिसतो."

"मग मला चांदण्या असतानाच उठवायला घ्या."