सकाळी सहाची सोबत

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या रक्तातल्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहा पॉइंट दोन आला. साडेसहाला पोचला की डायबेटिस, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि वजन कमी करा, चाला, भात कमी करा, असं सगळं एका दमात म्हणून त्या पुढच्या खोलीतल्या पेशंटकडे गेल्या. मी तपासणीच्या टेबलावरच्या कागदी चादरीवर बसून राहिले. नागपूरला बाबांच्या पायाचा अंगठा काढला तेव्हा मी इथेच, अमेरिकेत हर्नडनमध्ये होते. व्हिसाचे कागद अडकले होते, देशाबाहेर पडले तर परत येता येईल याची खात्री नव्हती. आई रोज फोनवर सांगायची, जखम भरत नाहीये गं. तेव्हापासून मला साखरेची भीती आहे, आणि ती भीती मी कुणाला दाखवत नाही.

तिला मात्र सांगितली. ती म्हणजे आमच्याच टाऊनहाउसच्या रांगेत दोन दारं सोडून राहणारी माझी मैत्रीण. मूळची पुण्याची, माझ्यासारखीच आयटीतली, माझ्याच वयाची. आठ वर्षांत आम्ही एकमेकींची मुलं सांभाळली होती, एकमेकींच्या घरची दुखणी काढली होती. तिला साखर नव्हती, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन काही उतरत नव्हतं आणि फोटो काढायची वेळ आली की ती कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहायची. माझा रिपोर्ट ऐकून ती म्हणाली, "रडतेस काय? आपण दोघी मिळून करू. एकटीनं होत नाही यार हे."

आणि आम्ही ठराव केला. रोज सकाळी सहाला टपालपेट्यांपाशी भेटायचं आणि ट्रेलवर तीन मैल चालायचं. जेवायला बसण्याआधी ताटाचा फोटो एकमेकींना पाठवायचा. पार्टीत कुणी आग्रह करायला लागलं की दुसरीनं मध्ये पडायचं. रक्ताचा रिपोर्ट आला की नवऱ्याच्याही आधी एकमेकींना सांगायचं. आणि जी चुकेल तिनं दुसरीच्या घरी जाऊन वीस पोळ्या लाटायच्या. ही शिक्षा तिच्या डोक्यातून निघाली होती. पोळ्या लाटायचा आम्हा दोघींनाही सारखाच कंटाळा, म्हणून ती चांगली जरब बसवणारी वाटली.

पहिले दोन महिने मजेचे होते, हे मान्य करायला हवं. अंधारात, कानटोप्या घालून, नाकं पुसत आम्ही चालायचो. ती नणंदेच्या नकला करायची, मी आमच्या मॅनेजरच्या. कधी मला उठवत नसे, तेव्हा ती दारात येऊन फोनची रिंग वाजवत राहायची. कधी ती ढेपाळायची, मग मी तिला ओढून न्यायची. मुलगी म्हणायची, "मॉम, यू गाईज आर सो लाउड." माझ्या आयुष्यात इतकं नेमानं मी काही केलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासलं. सहा पॉइंट तीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या घराण्यातच आहे, नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवू नका, एक साधी जुनी गोळी आहे, ती सुरू करू. मी विचार करून सांगते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलवर तिला विचारलं. ती चालता चालता थांबली. "वेडी आहेस का? एकदा गोळी लागली की जन्माची लागली. आपण नॅचरली करतोय ना? बॉडीला वेळ दे. औषधं घेऊन काय, कुणीही करेल." मला तिचं पटलं. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. मी डॉक्टरीणबाईंना कळवलं, मला शरद ऋतूपर्यंत वेळ द्या.

त्यानंतर ती बारीक होऊ लागली. मे महिन्यात तिच्या जीन्स सैल झाल्या, जूनमध्ये नव्या आल्या. मी तीन पौंड उतरवून तिथेच अडकले. चालत दोघीही सारखंच होतो. माझ्या ताटात एक भाकरी, तिच्या ताटात एक भाकरी. फरक एवढाच, की तिला अर्धी भाकरी टाकून देता येत असे. एका वाढदिवसाला श्रीखंड-पुरी होती. ती पुरीचा तुकडा मोडून गप्पा मारत बसली आणि तो तुकडा शेवटपर्यंत तिच्या ताटात तसाच राहिला. मी वाटीकडे बघू नये म्हणून खिडकीबाहेर बघत होते. "कसं जमतं गं तुला?" मी विचारलं. ती म्हणाली, "मनावर ताबा. एकदा ठरवलं की ठरवलं."

मग ती माझी झडती घ्यायला लागली. आधी गमतीत, मग गंभीरपणे. "तू सगळे फोटो टाकतेस ना? खरं सांग. काहीतरी सुटतंय तुझ्याकडून." मी आठवून आठवून कबुल्या द्यायला लागले. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा घास. सत्यनारायणाचा चमचाभर शिरा. मुलाच्या डब्यात उरलेले चार चिप्स. दर कबुलीला वीस पोळ्या. उन्हाळाभर मी तिच्या ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत होते आणि ती स्टुलावर बसून मला प्रोटीनचं महत्त्व समजावत होती. मी चहातली साखर सोडली, मग दूध सोडलं, मग चहाच सोडला. नवरा एकदा म्हणाला, "तू झोपेत उठून खातेस का?" त्याच्याकडे मी ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. पण मला स्वतःलाच शंका यायला लागली होती. मी आळशी आहे, मी जिभेची गुलाम आहे, मी चोरून खाते आणि मलाच कळत नाही, असं मी खरोखर मानायला लागले होते.

गणपतीत मंडळानं शाळेचा हॉल घेतला होता. आरतीनंतर कार्यक्रमात तिला माईक दिला, कारण सगळ्या बायका तिला एकच प्रश्न विचारत होत्या. ती छान बोलते. सकाळी सहाचं चालणं, ताटाचे फोटो, पोळ्यांची शिक्षा, सगळं तिनं सांगितलं आणि हॉल हसला. माझ्याकडे हात करून म्हणाली, "आम्ही दोघींनी एकाच दिवशी सुरुवात केली. रूट तोच, डाएट तेच. शेवटी फरक पडतो तो विलपॉवरचा." टाळ्या पडल्या. जेवणाच्या रांगेत एका काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू पण हिच्यासारखं मनावर घे गं थोडं." मी हो म्हटलं. त्या दिवशी मोदकाला हात लावला नाही आणि घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले.

नोव्हेंबरमध्ये भाचीच्या लग्नासाठी ती सगळं घर घेऊन तीन आठवडे पुण्याला गेली. किल्ली माझ्याकडे. तुळशीला पाणी, टपाल आत, आणि विरजण सांभाळायचं. हे विरजण तिच्या आईच्या घरचं, पुण्याहून कसं कसं करून आणलेलं. इथल्या दुकानातल्या दह्यानं तशी चव येत नाही, म्हणून ती त्याला जिवापाड जपायची. "दर चार दिवसांनी त्यात थोडं दूध घाल. फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यात आहे," असं तिनं निघताना गाडीतून ओरडून सांगितलं.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी माझा रिपोर्ट आला. सहा पॉइंट आठ. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो आकडा बघत होते. ठरावाप्रमाणे तिला आधी सांगायचं होतं, पण लग्नघरात कशाला, म्हणून एवढंच लिहिलं, "रिपोर्ट आला. आलीस की सांगते." तिनं अंगठा पाठवला.

त्याच संध्याकाळी मी विरजणासाठी तिच्या घरी गेले. फ्रीज उघडला तर विकतच्या दह्याचे, पुन्हा वापरात घेतलेले तीन मोठे प्लास्टिकचे डबे एकावर एक. आपल्या कुठल्याही घरात दह्याच्या डब्यात दही सोडून बाकी सगळं असतं, हे तिच्या लक्षात राहिलं नाही आणि माझ्याही नाही. पहिल्यात कोथिंबीर होती. दुसरा उघडला, तर त्यात औषधाचं खोकं आणि इंजेक्शनचे निळसर पेन. वजन कमी करायचं ते आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन. ऑफिसात दोघी तिघी घेतात, म्हणून मी लगेच ओळखलं. खोक्यावर तिचं नाव. प्रिस्क्रिप्शन पहिल्यांदा लिहून दिल्याची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली.

मार्च. मला एप्रिलमध्ये गोळी घेऊ नकोस म्हणाली, तेव्हा ती दोन-तीन आठवडे इंजेक्शन घेत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती अशी, हे मला त्या फ्रीजच्या उघड्या दारासमोर कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण ही म्हणसुद्धा अपुरी पडत होती, कारण ब्रह्मज्ञान ऐकून मी सात महिने वाया घालवले होते. मी डबा होता तसा ठेवला. तिसऱ्या डब्यात विरजण होतं. त्यात दूध घातलं, झाकून ठेवलं. दह्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. चालणं वाया गेलेलं नाही, त्याच्याशिवाय आकडा आणखी वर असता, म्हणाल्या. पण एप्रिलमध्ये सुरुवात केली असती तर कदाचित इथवर आला नसता. गोळी सुरू झाली. "रोज चालता ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून लगेच फोनमधला पावलांचा आकडा पुढे केला. मी खरं बोलते आहे यावर माझाच विश्वास उरला नव्हता. हे तिनं केलं होतं माझं.

ती परत आली त्या शनिवारी डाएट चिवड्याचं पाकीट घेऊन माझ्याकडे आली. मी चहा ठेवला. लग्नाच्या गप्पा ऐकल्या. मग म्हटलं, "दह्याचा दुसरा डबा मी उघडला."

तिचा चेहरा पांढरा पडला. "तू माझ्या वस्तू बघितल्यास?"

"तूच दह्याचा डबा म्हणालीस. मी विरजण शोधत होते."

तिनं चिवड्याचं पाकीट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मग काय, चोरी केली का मी? माझी बॉडी, माझं डिसिजन."

"इंजेक्शन घेतलंस याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. औषध आहे, लागलं तर घ्यावं. मला गोळी घेऊ नकोस का म्हणालीस? मला का म्हणालीस की मी खोटं बोलते? तुझ्या घरी उभं राहून पोळ्या लाटल्यात मी. तुला तेव्हा काहीच वाटलं नाही?"

मग ती रडायला लागली. खूप रडली. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. सासू वजनावरून काय काय बोलते, नवऱ्यालाही अजून माहीत नाही, इंजेक्शननं वजन उतरवलं म्हटलं की लोक कसे नावं ठेवतात, सगळं बाहेर आलं. मला वाईटही वाटत होतं तिचं. मग ती म्हणाली, "तू गोळी सुरू केली असतीस, तर चालायला आली नसतीस. मग मी लोकांना काय सांगायचं होतं, कशानं बारीक झाले?"

ती हे अगदी सहज बोलली. आपण काय बोललो हे तिला कळलंही नसावं. मी तिची सोबत नव्हते, साक्षीदार होते. रोज सहाला सगळ्या रांगेदेखत तिच्याबरोबर चालत जाणारी, आणि बारीक न होणारी. मी तशीच राहिले म्हणून तिची विलपॉवर उठून दिसली. केसानं गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं?

"मंडळात कुणाला सांगू नकोस, प्लीज," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही सांगणार. नाक पुसून, तोंड धुऊन ती निघाली. बूट घालताना म्हणाली, "सोमवारी सहाला?" मी म्हटलं, नाही. ती थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल. रिपोर्ट आल्याचं मी तिला लिहिलं होतं, तिनं अंगठा पाठवला होता, तासभर माझ्यासमोर बसली होती. "बरं," ती म्हणाली आणि गेली.

मी सोमवारी साडेपाचला एकटी निघाले. अजूनही जाते. चालताना रोज तो तास डोळ्यांपुढे येतो आणि रोज संताप होतो, पण जास्त संताप होतो तो स्वतःचा. कारण दारात उभी असताना तिनं नुसतं विचारलं असतं, "किती आली गं तुझी शुगर?" तर मी तिथल्या तिथे तिला माफ केलं असतं.