पपईचा चीक आणि उशिरा नेलेली माफी

डहाणू रोडला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सामानात दोन साड्या, गोळ्यांची पुरचुंडी आणि चाळीस वर्षं अंगावर काढलेली एक माफी.

हे गेल्यापासून मी एकटीच फिरते. मुक्काम नरपडला, चिकूच्या वाडीतल्या एका खोलीत. रात्री बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि समोर रिकामी खुर्ची. सोबत केली ती डासांनी. सकाळी हातभर गांधी उठल्या होत्या.

डहाणूतल्या औषधाच्या दुकानातल्या मुलीने एक ट्यूब पुढे केली.

"आजी, एन्झाइमचं जेल आहे. खाज आणणारी प्रथिनं तोडतं म्हणतात."

"कशापासून करतात गं?"

"हे पपईपासून. हसताय काय?"

"एका बाईने मला हे फुकट दिलं होतं. मी तिला अडाणी म्हटलं."

तेव्हा मी तलासरीजवळच्या एका आदिवासी पाड्यावर नवी मास्तरीण होते. डास चावले म्हणून शेजारच्या लाडकीबाईने कच्च्या पपईचा चीक दिला. थेंबभर घे, वाटीभर पाण्यात कालव, मग लाव, असं बजावलं. पण मी पडले विज्ञानाची पदवीधर. थेंबाने गुण येतो तर चमचाभराने झटपट येईल, असं गणित मांडून निव्वळ चीक फासला. भाजल्यासारखा हात सोलला. मग शाळेत, सगळ्या पालकांदेखत, मी तिलाच दोष दिला. पाणी घातलं नव्हतं, हे मात्र गिळून टाकलं.

ट्यूब घेऊन दुकानातून थेट निघाले. तलासरीपर्यंत जीप, पुढे चालत. लाडकीबाई ओट्यावर वाल सोलत होती. मी समोर बसून सगळं एका दमात कबूल केलं.

"कोनती मास्तरीन तू?" तिने विचारलं.

"हात सोलला होता, ती."

"मास्तरनी लय आल्या नि गेल्या, बाय. साऱ्याच ओरडायच्या."

"मग माफ केलंस ना?"

"आठवतच नाय, तर माफ काय करू?" तिने माझ्या हातातली ट्यूब उलटसुलट पाहिली. "पपई यात कोंबली? बरी हाय. चा पी. संगती कोनी नाय का तुझ्या?"

"नाही."

तिने चहात आणखी साखर घातली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. जिला रागावायचा हक्क होता, ती विसरून गेली. हेही नाहीत, तेव्हाचे हेडमास्तरही नाहीत. मी तेव्हा होते ती दोन वेण्यांची दीडशहाणी पोर आता माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात नाही. तिला रागावायला मीच उरले, आणि तिची बाजू घ्यायलाही.