पंखा चालू होता

पंखा बंद करायचा मी कंटाळा केला. चूक एवढीच, आणि ती माझीच.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात क्षयाच्या दवाखान्यात बेडका तपासायचं काम करत असे. बेडका काचेवर पसरायचा, त्यावर फुक्सिन हा गडद किरमिजी रंग ओतायचा आणि पेटता स्पिरिटचा बोळा खालून धरून वाफ येईपर्यंत तापवायचा. तापवल्याशिवाय तो रंग क्षयाच्या जंतूंत मुरत नाही. मग आम्लानं धुवून निळा रंग द्यायचा. निळ्यात लाल काड्या दिसल्या की क्षय. वाऱ्यानं बोळा विझतो, म्हणून मे महिन्यातसुद्धा पंखा बंद ठेवावा लागे.

त्या दुपारी मी पंखा चालूच ठेवला. न तापवताच काचा उरकल्या. सगळ्या निळ्या निघाल्या.

त्यातली एक लकडगंजमध्ये आरा मशीनवर काम करणाऱ्याची होती. "काही नाही," मी सांगितलं. तो बायकोकडे वळला. "मी म्हणून राहिलो होतो ना वं, भुशाचा खोकला हाये! उगाच घाबरवलं मले."

"मंग पोरीले घ्या आता जवळ," ती म्हणाली. "रोज रडून राहिली."

दिवाळीनंतर तो रक्त थुंकत परत आला. या खेपेला मी काच नीट तापवली. लाल काड्याच काड्या. बायकोच्या कडेवरच्या पोरीच्या मानेवर क्षयाच्या गाठी होत्या.

मी गप्प बसलो. नोकरी नवी होती. त्या दुपारच्या बाकीच्या काचा कोणाच्या होत्या, हेही मी शोधलं नाही.

बापलेक औषधानं बरे झाले. इंजेक्शनला आला की तो इतरांना सांगायचा, "याच साहेबानं पकडली माही बिमारी." मी मान खाली घालून काचा पुसत बसे.

पुढे कित्येक वर्षांनी बाजारात ते बापलेक दिसले. पोरगी कॉलेजात जाण्याएवढी झाली होती, उन्हाळ्यातही मानेभोवती ओढणी घट्ट. दुसऱ्या दिवशी मी आरा मशीनवर गेलो. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं मशीन बंद केली.

"काहून आले साहेब इकडे?"

मी सगळं सांगितलं. त्यानं हातावरचा भुसा झटकला.

"मले नोका सांगू," तो म्हणाला. "पोरीले सांगा."

नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरी ती दारातच उभी होती. मी आत गेलो नाही.

"तुझ्या बाबांची काच मी तापवलीच नव्हती," मी म्हणालो. "पंखा बंद करायचा कंटाळा केला, आणि नंतर लपवलं. मला माफ कर, बाई."