पेवात उतरायच्या आधी

माही बायको गेली त्या दिवशी सकाळी आमी दोघांनी मिळून चिखल तुडवला. माती, शेण अन् गव्हाचा भुसा. अंगणात आळं करून त्यात उभे राहिलो अन् पायानं मळत राहिलो. ती म्हणाली, "तुमचा पाय पडला का माती पाताळात जाते." कापसाच्या दोन सालांत माहं पोट सुटलं होतं, त्याच्यावरचा तो टोमणा. मी बी हसलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

चिखल पेवाच्या लिंपणासाठी होता. आमचं गाव वलगावापासून कोसभर. जवारी ठेवाले अंगणातच जमिनीखाली पेव होतं. दोन पुरुष खोल, पोटात रुंद, तोंड मात्र माठासारखं अरुंद. उन्हाळ्यात बरीच जवारी काढून तोंड बंद केलं होतं. पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपलं. उघडलं त अशी घाण आली का दोघं बी मागं सरलो. तळाशी उरलेली जवारी काळी, लिबलिबीत, मेल्या जनावरासारखी.

पेवं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. साऱ्या भागातली पेवं तोच लिंपे. त्याले निरोप धाडला, त तो अकोल्याले व्यापाऱ्यांच्या कामावर गेलेला. उलटा निरोप आला, चार दिवसांत येतो, तोवर तोंड उघडं ठेवा, कोणी उतरू नका.

चार दिवस थांबाले मी तयार नव्हतो. साता समुद्रापार कुठं लढाई लागली म्हणे, अन् आमच्या कापसाले कधी नव्हे तो भाव आला. लोकांनी बैलांची शिंगं चांदीनं मढवली. म्या बी मढवली. आता आठवलं का थुंकावं वाटते. जो तो कापूसच पेरे, खायाची जवारी विकत घे. तशी घेतलेली जवारी ओसरीवर पडली होती, अन् मले कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीले जायची घाई.

ती म्हणाली, "थांबा ना चार दिस. तो येतेच हाय."

"लिंपाले काय पंडित लागते? घराच्या भिंती कोण लिंपते?"

"मीच."

"मंग?"

"भिंत अन् पेव एक हाय का? बरं, दिवा तरी सोडू आधी."

तो म्हातारा उतरायच्या आधी दोरीनं जळता दिवा आत सोडे. वाकून पाहे. कधी कधी म्हणे, आज नाही, अन् निघून जाय. सोबत नारळही मागे. म्या समजलो, दिवा म्हंजे त्याचं नारळ उपटायचं सोंग.

"दिवाळी झाली वं," म्या म्हटलं. "त्याचा दिवा त्याच्या नारळासाठी राह्यते."

"तुमाले कोणी सांगावं, बाप्पा," म्हणून तिनं लुगडं खोचलं. त्या तोंडातून मी जात नव्हतो, म्हणून ती उतरली. दोर म्या धरला.

खालून म्हणाली, "लय घाण येऊन राहिली. टोपलं सोडा."

तोच दोर वर घेऊन, सडकी जवारी भराले त्याले टोपलं बांधून सोडलं. दोर ढिलाच राहिला. "भरलं का?" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मले वाटलं रुसली. वरून आणखी दोन शब्द बोललो. ते काय होते ते लिहीत नाही.

मंग वाकून पाह्यलं, त ती टोपल्यापाशी पडलेली. उतराले गेलो त पोटाशीच अडकलो. ओरडलो तसा शेजारी विहिरीचा गळ घेऊन धावत आला. त्यानं आधी कडब्याची चूड पेटवून आत सोडली. हातभर खाली गेली अन् विझली. आत जीव धरायजोगी हवाच नव्हती. तो माह्याकडं वळला.

"भाऊ, हे पाह्यलं नव्हतं?"

गळानं लुगडं धरून तिले वर काढलं. आंघोळ घातली तरी तो सडका वास अंगाचा गेला नाही. दिवस बुडायच्या आत जाळून आलो.

लिंपणं आमाले येत होतं. छपर शाकारणं, दार बसवणं, मोटेचा नाडा बांधणं, सारं घरच्या घरी करत होतो. पण हात चालते म्हणून जाणतेपण येत नाही. लिंपायच्या आधी काय पाह्याचं ते आमाले येत नव्हतं. ज्याले येत होतं त्याले म्या सोंगाड्या ठरवला.

मसणातून आल्यावर लोक ओसरीवर बसले. म्हणाले, "पेवानं बळी घेतला. कुठं ना कुठं घेतेच. तुमचा काय दोष?" अन् म्या मान हलवली. रडत रडत हलवली. साऱ्या जन्मात मले माही एवढी किळस कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर गेलो. पेवाले बोकड द्याचा बेत चालला होता. म्या म्हटलं, "बळी-फिळी काही नाही. म्हाताऱ्यानं उतरू नका म्हणून कळवलं होतं. ती थांबा म्हणत होती. दिवा तरी सोडू म्हणत होती. म्या तिले हसलो अन् उतरवलं."

एक जण म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, आता कशाले?"

गावात आणखी दोन पेवं उघडी होती. तिथून मी त्या दोन्ही घरी गेलो. मालकांना काही बोललो नाही. घरातल्या बायांना अंगणात बोलावलं अन् हेच सारं पुन्हा सांगितलं. पेवात उतरवतात ते त्यांनाच.