ताऱ्यांचा एक जून

मंडळी, आज पाथर्डीला घरी आलेय. आल्या आल्या आप्पांना माझा शोध दाखवला. दूरच्या एका दीर्घिकेतले बरेचसे तारकागुच्छ एकाच वयाचे निघालेत, म्हणजे तेव्हा तिथं ताऱ्यांचं पीकच आलं असणार!

आप्पा, म्हणजे माझे वडील, बहात्तर साली इथं मास्तर होते. म्हणाले, "माझ्या वर्गातली पोरं बी सगळी एक जूनचीच हुती. आयांना तारीख ठाऊक नसली की मीच टाकायचो. तुझ्याकडं वय कोन टाकतं?"

माझा प्रोग्रॅम. लगेच तपासलं. गुच्छाच्या रंगावरून वय कळलं नाही की तोही एकच ठरलेलं वय टाकत होता!

शोध गेला, पण लेख पाठवायच्या आधी गेला, म्हणून मी खूश.

मग आठवलं, माझाही वाढदिवस एक जूनलाच. बघते तर आप्पा गालातल्या गालात हसतायत. मंडळी, आता मी केक कधी कापू?