कन्नड येतं म्हणून पुन्हा चौकशी खिडकीवर

आज इंटर्नशिपवर घडलेलं, क्रमाने:

१. मी हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतके दिवस मी चौकशी खिडकीवर होते; आजपासून मला डिस्चार्ज विभागात बसायचं होतं.
२. सकाळी अक्कलकोटकडच्या एक आजी आल्या. त्यांना फक्त कन्नड येत होतं. मी त्यांना सोनोग्राफीला नेऊन बसवलं.
३. ते पाहून व्यवस्थापक सरांनी मला परत चौकशी खिडकीवर पाठवलं.

"सर, माझा प्रकल्प डिस्चार्जला उशीर का होतो यावर आहे. तिथे न बसता मी काय लिहू?"

"अगं, तुला कन्नड येतं की! तू तिकडं गेलीस तर हितं लोकांना मी काय खाणाखुणा करून सांगू?"

सगळा काउंटर हसला.

आजींना मदत करायला माझी ना नाही. पण कन्नड मी घरीच शिकले. इथे शिकायला आले ते वेगळं आहे. दुभाषी हवा असेल तर नेमावा. योग्य कामाला योग्य माणूस, हे आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात.

इंटर्नशिप याच महिन्यात संपते. प्रकल्प अपुरा राहिला तर माझं वर्ष जाईल.

ज्या सीनियर्सनी मध्येच विभाग बदलून घेतला, त्यांनी अर्ज कॉलेजकडे केला की हॉस्पिटलकडे? कृपया गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी मी अर्ज देणार आहे.